भर महामार्गावर टायर न बदलणारी मदतसेवा : एक परीक्षण

अमेरिकेत महामार्गावर गाडी बंद पडली की मदतीला धावून येणाऱ्या ज्या सेवा आहेत, त्यांपैकी एका सेवेचा मी सदस्य आहे. तिच्याविषयी इतर ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय चाळले तर एक तक्रार वारंवार आढळते : टायर बदलण्यासाठी माणूस बोलावला होता, पण त्याने जागेवर टायर बदलून देण्यास नकार दिला आणि गाडी ट्रकवर चढवून दुसरीकडे नेली. एवढ्या कारणासाठी कित्येकांनी या सेवेला पाचांपैकी एकच तारा दिलेला आहे. माझ्या बाबतीतही नेमके हेच घडले, आणि नेमक्या याच कारणासाठी मी तिला चार तारे देत आहे. पाचवा तारा कंपनीच्या नियमावलीमुळे हुकला. रस्त्यावर आलेल्या माणसाच्या कामात मला काहीही उणे दिसले नाही.

न्यू जर्सीतील इंटरस्टेट ७८ या महामार्गावर संध्याकाळच्या वेळी आमच्या गाडीचे डावीकडचे मागचे चाक फुटले. गाडी कशीबशी उजवीकडच्या शोल्डरवर, म्हणजे अडचणीत थांबण्यासाठी रस्त्याकडेला राखलेल्या पट्टीवर, आणून उभी केली. या देशात वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणजे उजव्या शोल्डरवर उभ्या असलेल्या गाडीचे डावे अंग वाहत्या रहदारीकडे असते. आणि फुटलेले चाक त्याच बाजूचे होते. फोन उचलणाऱ्या बाईंनी सर्वांत आधी आम्ही सुरक्षित जागी आहोत का, असे विचारले. त्यानंतर त्यांनी जवळच्या मैलाच्या पाटीवरचा आकडा घेतला, गाडी डाव्या शोल्डरवर आहे की उजव्या, चाक कोणत्या बाजूचे फुटले आहे, कडेला संरक्षक कठडा आहे का आणि गाडीत किती माणसे आहेत, हे सगळे शांतपणे विचारून घेतले. चाक रहदारीच्या बाजूचे आहे हे कळताच, छोटी व्हॅन न पाठवता फ्लॅटबेड ट्रक (ज्याच्या सपाट पाठीवर अख्खी गाडी चढवता येते असा) पाठवत असल्याचे त्यांनी सांगितले. सेवेच्या दर्जाची पहिली खूण मला इथेच पटली, कारण ट्रक निघण्यापूर्वीच येणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार झालेला होता.

ट्रक आला तेव्हा अंधार पडू लागला होता. आमच्या गाडीच्या पुढे, शोल्डरच्या कठड्याकडच्या कडेला अगदी चिकटून चालकाने ट्रक उभा केला, आणि छपरावरचे अंबर (पिवळसर नारिंगी) रंगाचे दिवे चालूच ठेवले. चालक स्वतःच्या बाजूच्या दाराने उतरला नाही. तो आसनावरून सरकत उजवीकडे आला आणि कठड्याच्या बाजूच्या दाराने खाली उतरला. अंगात बाह्यांवरही चमकत्या पट्ट्या असलेले जॅकेट होते. तसे जॅकेट ही हौस नव्हे. संघराज्याच्या निधीतून झालेल्या महामार्गांच्या हद्दीत काम करणाऱ्यांना अधिक दृश्यमानतेचा पोशाख नोव्हेंबर २००८ पासून सक्तीचा आहे. त्याने आम्हाला कठड्यापलीकडे आणि गाडीपासून जरा अंतरावर उभे राहायला सांगितले, मग कठड्याच्या बाजूने मागे चालत जाऊन तिरप्या रेषेत रहदारीला इशारा देणारे शंकू मांडले. परत येताना दर काही पावलांनी तो मान वळवून रहदारीकडे पाहत होता. काम संपेपर्यंत त्याने रहदारीकडे पूर्ण पाठ अशी एकदाही केली नाही, हे मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिले.

टायर इथेच बदलता येईल का, असे मी विचारले. त्याने चाकाकडे बोट दाखवले, मग शोल्डर आणि लेन यांमधल्या पांढऱ्या रेषेकडे दाखवले, आणि पुढच्या एक्झिटजवळच्या (महामार्गावरून बाहेर पडण्याच्या वाटेजवळच्या) मोकळ्या जागेत पाच मिनिटांत बदलून देतो, इथे मात्र बदलणार नाही, असे सौम्य पण ठाम शब्दांत सांगितले. हा नकार ज्यांना आळस वाटतो किंवा कामचुकारपणा वाटतो, त्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. इंटरस्टेटवरचा उजवा शोल्डर साधारण दहा फूट रुंद असतो. त्यात सहा फूट रुंदीची मोटार कठड्यापासून दोन फूट अंतर राखून उभी केली, तर रहदारीच्या बाजूला दोन फूट उरतात. चाकाचे नट सोडवायला माणूस उकिडवा बसला की त्याला यापेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे त्याची पाठ पांढऱ्या रेषेवर किंवा तिच्याही पलीकडे जाते. शेजारची लेन बारा फुटांची, आणि मालवाहू ट्रेलरची रुंदी साडेआठ फूट. ट्रेलर लेनच्या अगदी मधोमध चालला तरी त्याच्या दोन्ही अंगांना पावणेदोन फूटच मोकळे राहतात. ताशी ६५ मैल वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे ९५ फूट कापते. चालकाने फोनकडे दोन सेकंद पाहिले, तेवढ्यात जवळजवळ दोनशे फूट गेले.

गाडी ट्रकवर चढवण्याचे सगळे काम त्याने कठड्याच्या बाजूने केले. विंच (गाडी दोराने वर ओढणारे यंत्र) चालवण्याचे दांडे ट्रकच्या दोन्ही अंगांना होते. त्याने फक्त उजवीकडचे वापरले. तरीही एक काम असे होते जे डावीकडे गेल्याशिवाय होणार नव्हते, ते म्हणजे त्या बाजूच्या चाकाला पट्टा बांधणे. त्यासाठी तो ट्रकच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहून बराच वेळ रहदारी पाहत राहिला. जवळची लेन लांबवर रिकामी दिसली तेव्हा तो गेला, तोंड रहदारीकडे ठेवून पट्टा अडकवला आणि लगेच परतला. उत्तम ट्रक, उत्तम साधने, उत्तम प्रशिक्षण हे सगळे असूनही हा थोडा वेळ उरतोच, आणि त्या वेळात त्याचा जीव सर्वस्वी येणाऱ्या चालकांच्या हाती असतो. कायद्याची गरज इथे लागते.

या कायद्याला इथे सर्रास 'मूव्ह ओव्हर' कायदा म्हणतात. त्याचे सूत्र असे की, रस्त्याकडेला दिवे लुकलुकवत थांबलेले वाहन दिसले की शक्य असेल तर त्याच्या लगतची लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जायचे, आणि ते शक्य नसेल तर वेग कमी करून सावधपणे पुढे जायचे. देशातील पहिला असा कायदा दक्षिण कॅरोलिना राज्याने १९९६ मध्ये केला. त्यामागे जेम्स गार्सिया या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याचा पाठपुरावा होता. १९९४ च्या जानेवारीत एका अपघातस्थळी मदतकार्य करताना त्यांना वाहनाने धडक दिली, आणि पोलिसांच्या अहवालात दोष त्यांचाच ठरवण्यात आला. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलमच तेव्हा अस्तित्वात नव्हते. पुढे एकेका राज्याने असे कायदे केले आणि २०१२ मध्ये हवाईने कायदा केल्यावर पन्नास राज्यांची यादी पुरी झाली. आरंभी हे संरक्षण मुख्यतः पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यापुरते होते. बंद गाड्या वाहून नेणाऱ्या टो ट्रकचा समावेश बहुतेक ठिकाणी नंतर, आणि त्या व्यवसायातील लोकांनी आपल्या सहकाऱ्यांचे मृत्यू मोजून दाखवल्यानंतर झाला. न्यूयॉर्कचेच पाहा. तेथील कायदा २०११ च्या आरंभी लागू झाला, अंबर दिव्यांची वाहने त्यात एका वर्षाने आली, आणि कडेला थांबलेल्या कोणत्याही वाहनासाठी तो लागू व्हायला २७ मार्च २०२४ ही तारीख उजाडावी लागली.

राज्याराज्यांतील फरक हा या कायद्याचा खरा कच्चा दुवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संपूर्ण देशाला लागू होईल असा एकच नियम नाही. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत लेन बदलता येत नसेल तर वेग ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा ताशी २० मैलांनी खाली आणावा लागतो, आणि हा नियम आकड्यात सांगितलेला असल्यामुळे चालकाच्या मनात संदिग्धता राहत नाही. न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा कमी, परिस्थितीला योग्य असा वेग आणि प्रसंगी थांबण्याची तयारी एवढेच अपेक्षित आहे. दंड १०० ते ५०० डॉलरच्या दरम्यान. इलिनॉयमध्ये, जिथे हा कायदा कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेले शिकागो अग्निशमन दलाचे अधिकारी स्कॉट गिलेन यांच्या नावाने ओळखला जातो, पहिल्या गुन्ह्यालाच किमान २५० डॉलर दंड असून तो १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. फ्लोरिडाने १ जानेवारी २०२४ पासून धोक्याचे दिवे लावून उभ्या असलेल्या सामान्य गाड्यांनाही संरक्षण दिले. एकाच दिवसात तीन राज्ये ओलांडणाऱ्या चालकाने यातले काय काय लक्षात ठेवावे?

ताशी २० मैलांचा नियम मला सर्वांत समजूतदार वाटतो, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. रस्ते आखताना अभियंते ताशी ६५ मैल वेगाला थांबण्यासाठी ६४५ फूट अंतर धरतात, तर ४५ मैलांना ३६० फूट. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ६५ वरून ४५ वर आल्यास ती निम्म्याहून कमी होते. लेन बदलणे हा उत्तम मार्ग खराच, पण गर्दीच्या वेळी तो बहुधा बंद असतो. वेग कमी करणे मात्र जवळजवळ नेहमीच आपल्या हातात असते.

त्या संध्याकाळी कठड्यापलीकडून मी बराच वेळ रहदारी पाहिली. काही चालक दुरूनच दिवे पाहून पलीकडच्या लेनमध्ये जात होते. बरेच जण आपल्या लेनमध्येच, त्याच वेगाने जात होते, आणि प्रत्येक ट्रेलरबरोबर हवेचा असा लोट येई की शंकू डगमगत. सर्वांत भीतिदायक प्रकार तिसराच होता. पुढचा ट्रेलर अगदी शेवटच्या क्षणी बाजूला होई, आणि त्याच्या मागून जवळून येणाऱ्या मोटारीसमोर टो ट्रक एकाएकी उभा राही. त्या मागच्या चालकाला दिवे आधी दिसलेलेच नसत. लेन वेळेवर सोडणाऱ्याचा फायदा केवळ कडेच्या माणसाला होत नाही. मागून येणाऱ्यालाही त्यामुळे पुढचे दिसते. हा मुद्दा मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचलेला नाही, आणि तो तिथे असायला हवा.

ज्यांना ही सगळी भीती अतिरंजित वाटत असेल त्यांच्यासाठी थोडे आकडे देतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या अभ्यासानुसार २०११ ते २०१६ या काळात टोइंग व्यवसायातील १९१ कामगार कामावर असताना मृत्युमुखी पडले. सर्व कारणे धरून हे प्रमाण दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे वर्षाला ४२.९ इतके होते. सर्व खासगी उद्योगांचे मिळून तेच प्रमाण २.९ आहे. ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेच्या संशोधन प्रतिष्ठानाने नंतर २०१५ ते २०२१ या काळाचा शोध घेतला तेव्हा रस्त्याकडेला मदत करताना वाहनाच्या धडकेने मरण पावलेल्या १२३ जणांची नोंद त्यांना सापडली. राष्ट्रीय अपघात नोंदींमध्ये मात्र असे ३४ च मृत्यू दिसत होते, कारण बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची नोंद पादचारी म्हणून झालेली होती. ही गोष्ट मला फार खटकली. माणूस आपले काम करताना मेला, आणि कागदावर तो रस्त्याने चालणारा कोणी एक ठरला. नोंदच चुकीची असेल तर कायदा कोणासाठी कडक करायचा, हे आमदारांना कळणार कसे? टेनेसीतील चॅटनूगा या गावी, जिथे अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ मध्ये पहिला टो ट्रक बनवला, तेथील टोइंग संग्रहालयात कामावर मृत्यू आलेल्या टोइंग कामगारांच्या नावांची भिंत आहे. त्यांची नीट मोजदाद व्हावी यासाठी त्यांच्याच व्यवसायातील लोकांना झटावे लागले.

आता पाचव्या ताऱ्याविषयी. आमची गाडी एक्झिटबाहेरच्या एका पेट्रोल पंपाच्या प्रशस्त आवारात उतरवून त्याने तिथे उजेडात, सपाट जमिनीवर टायर बदलून दिला. काम चोख होते. पण घरी आल्यावर खाते तपासले तेव्हा दिसले की, कंपनीने ही मदत 'टायर बदलणे' या सदरात न धरता 'टोइंग' या सदरात धरली होती, आणि वर्षाला मिळणाऱ्या मोजक्या टोइंगपैकी एक खर्ची पडले होते. सुरक्षिततेसाठी केलेल्या एका मैलाच्या वाहतुकीची किंमत अशा रीतीने ग्राहकाकडून वसूल होते. याचा परिणाम काय होणार, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. ज्याला हा नियम माहीत आहे तो ग्राहक पुढच्या वेळी शोल्डरवरच टायर बदलण्याचा हट्ट धरील. चालक नाही म्हणाला तर एक तारा देईल. आणि ताऱ्यांवर ज्याचे काम अवलंबून आहे असा एखादा चालक कधीतरी हो म्हणेल. माणसांना सावधपणाचे शिक्षण द्यायचे आणि नियमावलीतून ग्राहकाला त्याच्या उलट वागण्यास भाग पाडायचे, ही विसंगती कंपनीने दूर केलीच पाहिजे.

दुसरा दोष अॅपमध्ये आहे. ट्रक येईपर्यंतची मिनिटे त्यात मोठ्या अक्षरांत उलटी मोजली जातात, आणि काम संपल्यावर येणाऱ्या प्रश्नावलीत माणूस वेळेवर आला का, विनयशील होता का, आपण दुसऱ्याला शिफारस कराल का, एवढेच विचारले जाते. त्याने शंकू मांडले का, तुम्हाला सुरक्षित जागी उभे केले का, असा एकही प्रश्न त्यात नाही. कंपनी जे मोजते तेच काम तिला हवे आहे, असा अर्थ चालकांनी घेतला तर त्यांना दोष देता येणार नाही. शिवाय वाट पाहण्याच्या त्या वेळात ग्राहकाचे डोळे अॅपवर खिळलेले असतात, तेव्हा त्या राज्याचा 'मूव्ह ओव्हर' नियम दोन ओळींत दाखवायला काय हरकत आहे? ट्रिपल-एच्याच एका पाहणीत २३ टक्के लोकांना आपल्या राज्यात असा कायदा आहे हेच ठाऊक नव्हते. ज्याची स्वतःची गाडी कडेला उभी आहे त्याच्या मनावर तो नियम जितका ठसेल, तितका इतर कुणाच्याही मनावर ठसणार नाही.

तुलनेसाठी सांगायचे तर यापूर्वी माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे सदस्यत्व होते. तिचा माणूस याच्यापेक्षा लवकर आला होता, साध्या काळ्या शर्टात आला होता, शंकू न मांडता थेट रहदारीच्या बाजूला गुडघे टेकून बसला होता आणि झटपट काम उरकून गेला होता. त्या वेळी आम्हाला गाडीतच बसून राहायला सांगितले गेले. मागून धडक बसण्याचा धोका असलेल्या जागी ते अयोग्य होते. वार्षिक शुल्क त्या कंपनीचे थोडे कमी आहे. वेगवान सेवा हाच ज्यांचा निकष आहे, त्यांना ती नक्की आवडेल. मला ती पुन्हा नको.

कोणत्याही कंपनीचे सदस्यत्व घेण्यापूर्वी तिला तीन गोष्टी विचाराव्यात असे मी सुचवीन : रहदारीच्या बाजूचा टायर ते शोल्डरवर बदलतात का, सुरक्षित जागेपर्यंतची छोटी वाहतूक 'टोइंग' म्हणून मोजतात का, आणि चालकाला काम नाकारण्याचा अधिकार आहे का. पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचे 'हो' असेल, तर चार पैसे जास्त पडले तरी ती सेवा घ्यावी. माझ्या कंपनीकडे पहिले आणि तिसरे उत्तर बरोबर आहे. दुसऱ्याबद्दल मी त्यांना सविस्तर पत्र पाठवले आहे, चालकाच्या कामाची नावानिशी प्रशंसा त्यात केली आहे, आणि सदस्यत्वाचे नूतनीकरणही केले आहे. नियम बदलला की पाचवा तारा देईन.